शून्य अंतराची पावलं

पहाटंच्या जात्यावर माझा भागला सखा बाई
त्याच्या घामाच्या धारंला पदर माझा पुरं न्हाई

हा आवाज माझ्या आईचा, साळूबाईचा. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तिसगावाजवळच्या आमच्या वस्तीवर वाकळेत तोंड खुपसून पडलेलो असायचो आणि भिंतीपलीकडून आधी जात्याची घरघर यायची, मग तिच्यावर अलगद येऊन बसलेली ओवी. पलीकडे जायची मला बंदी होती. "दळताना कुनी आत यायचं न्हाई, जात्याला दीठ लागती," असं आई सांगायची आणि दाराला आतून कडी असायची.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो, देवळाली प्रवरेत घर बांधलं आणि त्या एका ओवीवर तीन चर्चासत्रांत निबंध वाचला. सखा म्हणजे पांडुरंग. देव बाईच्या जात्याला हात लावतो, तिच्याऐवजी घामाघूम होतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. आईचा उजवा हात कोपरात जरा वाकडा होता. तो दळून दळून वाकला असंही मी लिहिलं आणि त्या वाक्याला श्रीरामपुरात टाळ्या पडल्या. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे घड्याळ.

जूनमध्ये शाळेत एक परिपत्रक आलं. उपक्रमाचं नाव 'निरोगी कर्मचारी'. प्रत्येकाने मनगटावर उपकरण बांधून महिनाभर रोजची पावलं वर कळवायची. खोटी पावलं दाखवणाऱ्याच्या सेवापुस्तकात नोंद होणार. माझी निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात लग्न, अपत्य आणि एक मूळव्याध यांपलीकडे काही नाही. ते असंच कोरं, धुतलेल्या धोतरासारखं, घरी न्यावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

उपकरण कुठलं घ्यावं यावरून शिक्षकखोलीत दोन तट पडले. एका तटाचे म्होरके आमचे लेखनिक राधाकृष्ण, जे माझे शेजारीही आहेत. ते स्मार्टवॉचवाले.

"सर, यात फोन घेता येतो, मेसेज वाचता येतो, झोपेत तुम्ही कितीदा कूस बदलली तेही कळतं."

"मला ते अश्विनी सांगते," मी म्हणालो. अश्विनी म्हणजे माझी बायको.

दुसऱ्या तटाचे प्रमुख खेळाचे शिक्षक भागवत सर. त्यांच्या मते स्मार्टवॉच हे मोबाईलचं पिल्लू. रोज रात्री दूध पाजावं तसं त्याला चार्जिंगला लावा, नाहीतर रडतं. "खरं घड्याळ खेळाडूचं. पंधरा दिवस चार्जिंग नको, आकडे उन्हात दिसतात, अंधारात दिसतात, बटण दाबलं की उपग्रहाशी बोलतं आणि तुम्ही कुठून कुठे गेलात त्याचा नकाशा काढतं."

"मी घरून शाळेत आणि शाळेतून घरी जातो. त्याला उपग्रह कशाला?"

"सर, प्रश्न जाण्याचा नाही, पुराव्याचा आहे."

शेवटी राधाकृष्णांनीच तोड काढली: दोन्ही मागवायची, दहा दिवस वापरायची, नको ते परत करायचं. नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये मात्र दोन उपकरणं बसेनात, एकच चौकोन होता. त्या क्षणी भागवत सर नेमके पाठीशी उभे होते, म्हणून खेळाडूचं घड्याळ नोंदलं गेलं. पुढच्या सगळ्याचं मूळ त्यांच्या त्या उभं राहण्यात आहे.

मी डाव्या हाताला स्मार्टवॉच आणि उजव्या हाताला दुसरं बांधून कालव्याच्या कडेने चालू लागलो. उसाला पाणी देणारी माणसं फावडं टेकून बघत.

"सर, दोन दोन? एक बंद पडलं तर दुसरं ढकलायला व्हय?"

मी मान खाली घालून पावलं मोजत राहिलो. घड्याळं मोजतच होती, पण माझा अजून विश्वास बसला नव्हता. डाव्यापेक्षा उजव्याची पावलं रोज शंभर-दीडशेने कमी भरत. डावं लाघवी होतं. नववी ब मध्ये मी करुणरस शिकवत असताना ते मनगटावर थरथरलं आणि अक्षरं उमटली, 'बराच वेळ बसला आहात, थोडं चला.' मी उभाच होतो. उजवं अबोल. पण कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो की ते एकच वाक्य दाखवायचं, 'पूर्ववत होण्यास बहात्तर तास.' ज्या पुलावर लोक शेळ्या चारायला नेतात, तिथवर गेल्याबद्दल तीन दिवसांची विश्रांती.

रात्री डावं हातातच असायचं, झोप मोजायला. उजवं मी मागच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचो.

चौथ्या दिवशी सकाळी ते खिळ्यावरून काढलं आणि सवयीने बघितलं. मी अजून दातसुद्धा घासले नव्हते. घड्याळ म्हणत होतं, पावलं दोन हजार शंभर. वेळ चार दहा ते चार पंचावन्न. हृदयाचे ठोके एकशे चार.

डाव्यावर बघितलं. 'चार दहा ते चार पंचावन्न, गाढ झोप. छान.'

भागवत सरांनी मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला. माझ्या घराच्या मागे, परसातल्या पत्र्याच्या शेडवर, बारीक तांबडी रेघ होती. कुठूनही आली नव्हती, कुठेही गेली नव्हती. एकाच जागी, सुताचा गुंता व्हावा तशी, स्वतःभोवती फिरत राहिली होती. खाली लिहिलं होतं, अंतर शून्य.

"तुम्ही झोपेत चालता," भागवत सर म्हणाले.

"झोपेत चाललो तरी काहीतरी अंतर होईल ना?"

ते गप्प झाले. खेळाचा शिक्षक गप्प झाला की मला फार भीती वाटते.

त्या शेडमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. आईचं जातं. तिसगावहून टेम्पोत घालून आणलेलं, वर्षानुवर्षं पोत्याखाली पडलेलं. शाळेत मी लोकजीवनाचं दालन उभं करतोय, तिथे पुढच्या महिन्यात ते 'कै. साळूबाई यांचे जाते' अशा पाटीसह जाणार होतं. म्हणून ते धुऊन काढलं, नवा खुंटा बसवला. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाथरवटाकडून दगडाला टाकी लावून घ्यायला सांगितलं होतं.

"आबा, नुसतं ठेवायचंय. टाकी कशाला?"

"जातं हाय ते. दळता आलं पायजेल," एवढंच बोलून ते पुन्हा ओट्यावरच्या खुर्चीत गेले. आबा एक्क्याऐंशीचे. गुडघे गेलेले, न्हाणीपर्यंत जायचं तर काठी लागते. फार बोलत नाहीत. आई गेल्यापासून तर बोलणं मोजून मापून, जणू त्यांनाही कुणी घड्याळ बांधलंय.

सलग तीन पहाटे तसंच झालं. दोन हजार पन्नास. दोन हजार एकशे तीस. दोन हजार शंभर. वेळ तीच. सातव्या दिवशी घड्याळाच्या पट्ट्याच्या भोकांत काहीतरी पांढरं बसलेलं दिसलं. मी नखाने काढून बोटांत चोळलं. पीठ होतं.

मी अश्विनीला हाक मारली. ती आली, पीठ बघितलं आणि ओट्याखालचा डबा ओढून माझ्यासमोर ठेवला.

"मी बोलणार नव्हते," ती म्हणाली, "पण गिरणीत जाऊन मला अठरा दिवस झालेत. रोज आठ भाकरी थापते. डबा खाली जातच नाही."

"तू मोजलंस?"

"मोजायचं काय त्यात? हात घातला की कळतं. आणि पीठ जाडसर लागतंय. गिरणीचं नाही हे."

आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत उभे राहिलो. बाहेर बाभळीवर एक होला घुमत होता, आणि त्या घुमण्यातही मला घरघर ऐकू येऊ लागली.

ही बातमी फुटायला नको होती. अश्विनीने ती फक्त राधाकृष्णांच्या मंडळींना सांगितली, त्यामुळे दुपारपर्यंत गल्लीत गेली. संध्याकाळी राधाकृष्ण लिंबू घेऊन हजर.

"सर, मातोश्री आहेत. जातं शाळेत जायचं म्हटल्यावर आल्या. तुम्ही पाटीवर त्यांचं नाव घातलं, पण त्यांना विचारलं का?"

"राधाकृष्ण, तुम्ही संगणक चालवता."

"म्हणूनच सांगतो. संगणकाला कळत नाही ते माणसाला कळायला लागतं."

समोरच्या एंजेला सिस्टर सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. गल्लीत कुणाचाही ताप त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय उतरत नाही. त्या आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या, टोपलीतला दुधीभोपळा उचलला आणि त्याला घड्याळ बांधलं.

"सर, हे यंत्र हिरवा उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड बघतं. त्याला बाकी अक्कल नाही. बघा आता."

आम्ही बघत होतो. घड्याळ थोडं घोटाळलं, मग म्हणालं, ठोके चौऱ्याऐंशी.

"झालं समाधान? दुधीला हृदय आहे का?"

राधाकृष्णांनी त्या दिवसापासून दुधी सोडला आहे. "चौऱ्याऐंशी म्हणजे आपल्यापेक्षा बरी तब्येत," ते खालच्या आवाजात म्हणाले, "चिरायचा कसा?"

"पण सिस्टर," अश्विनीने विचारलं, "दुधी पावलं चालतो का?"

सिस्टरांनी दुधीच्या मनगटावरून, म्हणजे देठावरून, घड्याळ सोडलं. "ते नाही चालत," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी शेडच्या दाराकडे एकदा बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

आबा ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"आबा, पहाटे तुम्हाला काही ऐकू येतं?"

"म्हाताऱ्या माणसाला झोप कुठं असती," ते म्हणाले. "ऐकू तर रोजच येतं."

"कुणाचं?"

त्यांनी काठीच्या टोकाने फरशीवर एक गोल काढला, मग त्यावरच दुसरा. "तुला जे येतं त्येच," म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं लिहायचं तर तो नुसता भीतीचा नव्हता. त्या रात्री मी घड्याळ खिळ्याला अडकवलं ते मुद्दाम, नीट, कुणाला तरी अंधारात हाताला लागेल असं. अर्धवट झोपेत घरघर ऐकली आणि वाकळेतल्या पोरासारखा श्वास धरून पडून राहिलो. उठलो नाही. दळताना कुणी आत यायचं नसतं.

तसंच चालू दिलं असतं. पण वरून पत्र आलं. राधाकृष्णांनी ते माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी दिलं, अंगारा द्यावा तसं.

'आपल्या नोंदणीकृत उपकरणावर दररोज पहाटे ४.१० ते ४.५५ या वेळेत सरासरी २,१०० पावले नोंदली गेली असून कापलेले अंतर शून्य आहे. सदर पावले कोणाची, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. अन्यथा सेवापुस्तकात प्रतिकूल नोंद घेण्यात येईल.'

सदर पावले कोणाची. सरकारी कागदावर इतका खोल प्रश्न मी पहिल्यांदाच वाचला.

खुलासा लिहायला बसलो. पहिला मसुदा: 'सदर पावले माझी नाहीत.' मग कोणाची, हे ओघानेच येत होतं. दुसरा मसुदा: 'सदर पावले माझ्या दिवंगत मातोश्रींची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाचून दाखवला.

"भाषा चांगली आहे," राधाकृष्ण म्हणाले, "पण मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. आणि मग विचारतील, मृत व्यक्तीची पावलं तुम्ही तुमच्या नावावर का लावली."

भागवत सरांनी सुचवलं, 'तांत्रिक बिघाड' लिहा. पण मग उपक्रमातली माझी सगळीच पावलं बाद होणार होती, कालव्यावरच्या लोकांनी फावडी टेकून पाहिलेलीसुद्धा.

"जाऊन बघा ना," अश्विनी म्हणाली. ती भाकरीचं पीठ मळत होती. "एवढी माणसं सल्ला देतायत. तुमच्या घरामागे दहा पावलांवर आहे ते."

"तू येशील?"

"तुमच्या आई आहेत. मी मागे उभी राहते."

स्मार्टवॉचवर पावणेपाचचा गजर लावला. तो आवाज करत नाही, मनगटावर हळूच थरथरतो, कुणी बोटाने उठवावं तसा. उठलो. खिळ्यावर घड्याळ नव्हतं. मागचं दार नुसतं लोटलेलं. परसात दव पडलं होतं आणि शेडमधून तो आवाज येत होता. घरघर. मध्ये क्षणभर थांबायचा, मूठभर दाणे पडल्यासारखी सळसळ, की पुन्हा घरघर.

शेडच्या दाराला फट होती. आत काळोख. त्या काळोखात, गुडघ्याच्या उंचीवर, एक लहानसा फिकट उजेड गोल गोल फिरत होता. माणूस दिसत नव्हता, नुसता उजेड. जायचा, यायचा. आणि त्या फेऱ्यांच्या तालावर कुणीतरी गुणगुणत होतं.

पहाटंच्या जात्यावर माझा भागला सखा बाई

शब्द आईचे. चाल आईची. आवाज मात्र खालचा, घोगरा, विहिरीतून यावा तसा. अश्विनीने मागून माझा सदरा घट्ट धरला. त्याच वेळी डावं मनगट थरथरलं आणि अक्षरं लखलखीत उमटली, 'तुमचे ठोके वाढले आहेत. तुम्ही व्यायाम करत आहात का?'

त्या उजेडाने मी दिसलो. आतली घरघर थांबली.

"कोन हाय?" आवाज आला. मग माझ्या नावाची हाक, "वाल्मिका?"

अश्विनीने दिवा लावला.

आबा जात्याशी बसले होते. एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला. काठी भिंतीला टेकवलेली. बंडी घामाने अंगाला चिकटलेली, भुवया पिठाने पांढऱ्या. उजव्या मनगटावर माझं घड्याळ होतं. ज्या माणसाला मी आयुष्यात चहाचा कप विसळतानाही बघितलं नाही, त्याच्या मुठीत खुंटा होता, आणि ती मूठ खुंट्यावर अशी बसली होती जशी माझी खडूवर बसते.

मी मास्तरासारखं सगळ्यात क्षुल्लक विचारलं.

"घड्याळ कशाला घातलंत?"

आबांनी माझ्याकडे चकित होऊन बघितलं. "येळ बघायला. सूनबाई पाचला उठती. त्याच्या आत आवरून निजायचं आसतं. तुज्या त्या दुसऱ्याची काच काळी ठिक्कर, ह्याच्यात आकडं अंधारात बी दिसत्यात." मग म्हणाले, "बटन चुकून दाबलं जात आसंल तर ते म्या मुद्दाम न्हाई केलं."

दहा दिवस दोन तट भांडले. ठोके, झोप, उपग्रह, पुरावा. घड्याळात वेळ बघायची असते हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"आबा," अश्विनी खाली बसत म्हणाली, "गुडघे असे असताना कशाला हे? गिरणी काय बंद पडलीय?"

"जातं साळंत चाललंय. तितं त्याला कुनी हात लावू देनार न्हाई." त्यांनी तळहाताने जात्याच्या कडेचं पीठ गोळा केलं. "म्हनलं, जाईस्तवर फिरवावं."

"पण तुम्हाला दळता कसं येतं?" मी विचारलं. "आणि ही ओवी? ती आईची आहे."

आबा मनगटावरचं घड्याळ काढू लागले, पण बक्कल सुटेना. मी पुढे होऊन सोडवलं. त्यांचा घाम माझ्या बोटांना लागला.

"वोवी तिचीच," ते म्हणाले. "तू ल्हिलंस त्ये तुज्या आईनं माज्याकडनं वाचून घेतलं हुतं. दळून दळून हात वाकला. लई हसली ती. मला म्हनली, सांगायचं न्हाई त्याला. ती हुती तवर म्या सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं नाही?"

"लगीन होऊन चार म्हैनं झाल्तं. बैलगाडीतनं पडली, हात मोडला, तिसगावच्या बाजारात एकानं बांधला त्यो वाकडाच बसला. खुंटा धरायला गेली की डोळ्यांत पानी. माजी आई म्हनायची, हातानं अधू पोर दिली, म्हायेराला घालवा. आता सून दळती का न्हाई, हे वस्तीला कशावरनं कळायचं? जात्याच्या आवाजावरनं आन वोवीवरनं." त्यांनी खुंट्यावर हात ठेवला. "मग आमी दाराला आतनं कडी लावायचो."

बाहेर उजाडत होतं. कालव्याच्या बाजूने कुणाची तरी पाण्याची मोटार सुरू झाली. मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. पावलं दोन हजार चाळीस, अंतर शून्य.

"ती समोर बसून म्हनायची, वस्तीला आयकू जाईल आशी," आबा म्हणाले. "दळायचो म्या."